दोन दुष्काळांमधल्या रमाबाई

गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर कधीही जा, दुखणं घेऊन आलेली माणसं भेटतात. कुणाचे सांधे धरलेले असतात, कुणाच्या कातडीचा विकार हटत नसतो, कुणाचं दुखणं शरीराचं नसतंच. कुंडात अंग शेकायचं, भीमेश्वराचं आणि नित्यानंद बाबांच्या समाधीचं दर्शन घ्यायचं, पुढे वज्रेश्वरीला जायचं. ‘हे माझ्याच वाट्याला का?’ हा प्रश्न तानसेच्या काठी रोज नव्या तोंडून ऐकू येतो. तो ऐकला की मला पंडिता रमाबाई आठवतात. त्यांचं बालपण असंच तीर्थामागून तीर्थ करण्यात गेलं. आणि या प्रश्नाला सामोरं जाताना ख्रिस्ती श्रद्धेची वाट धरणाऱ्या मराठी माणसांत त्यांच्याइतकी किंमत मोजलेलं कुणी मला माहीत नाही.

जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं. घर असं नव्हतंच. गावोगाव पुराण सांगायचं, मिळेल त्यावर राहायचं, दानधर्म करायचा. 1870 च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा गाठीला काही उरलं नव्हतं. मजुरी करण्याची सवय नाही आणि भीक मागायची लाज. जंगलात झाडपाला खाऊन दिवस काढले. आधी वडील गेले, मग आई, मग बहीण. आईला न्यायला चार खांदे मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले, तिसरा भाऊ श्रीनिवास, चौथ्या रमाबाई. त्यांची उंची कमी म्हणून त्यांनी आपल्या वाटचा भार डोक्यावर घेतला आणि दूरवरच्या स्मशानापर्यंत नेला. हे त्यांनीच पुढे आपल्या आत्मकथनात लिहून ठेवलं आहे. त्यानंतर भावाबहिणींनी देशभर पायी भटकंती केली. थंडीच्या रात्री नदीकाठी वाळूत खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून ती दोघं निजत.

1878 मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं, पण मृत्यूंची रांग थांबली नाही. 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी जातीबाहेर ज्यांच्याशी लग्न केलं ते बिपिनबिहारी मेधावी 1882 च्या सुरुवातीला पटकीने गेले. वयाच्या तेविसाव्या वर्षी रमाबाईंपाशी उरली ती तान्ही मनोरमा.

1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या ख्रिस्ती जोगिणींकडे राहिल्या. त्यांना कुठला सिद्धान्त भिडला नाही. लंडनला या जोगिणींचं एक घर होतं. समाजाने वाईट ठरवलेल्या बायकांना तिथे मायेनं सांभाळत. रमाबाईंनी विचारलं, हे तुम्ही का करता? उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शमरोनी स्त्रीची गोष्ट सांगण्यात आली. विहिरीवर एकटीच आलेल्या त्या बाईकडे येशूने पाणी मागितलं आणि तिला तुच्छ न लेखता तिच्याशी बोलत बसला. जिला सगळे टाळत होते तिच्याशी देव बोलतो, हे रमाबाईंना नवं होतं. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

पण दुःख लगेच शमलं असं नाही. त्र्यैक्य, चर्चची सत्ता यांवरून त्या आपल्या गुरूंशी पत्रांतून भांडत राहिल्या. आपल्याला धर्म सापडला पण ख्रिस्त सापडायला आणखी आठ वर्षं गेली, असं त्यांनी पुढे म्हटलं आहे. मला ही कबुली फार मोलाची वाटते. श्रद्धेने दुःख एका क्षणात पुसलं जातं असं सांगणारे पुष्कळ भेटतात. रमाबाई तसं सांगत नाहीत.

मायदेशी परतल्यावर 1889 मध्ये मुंबईत त्यांचं शारदासदन, विधवांसाठीचं शिक्षणगृह, सुरू झालं, पुढे ते पुण्यात आलं. 1893 मध्ये मुलींच्या धर्मांतरावरून वादळ उठलं. ‘केसरी’ने झोड उठवली, रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. धर्माबाबत तटस्थ राहण्याचा शब्द रमाबाईंनी मोडला असं त्यांना वाटणं अकारण नव्हतं. त्या वादात त्या मात्र एकट्या पडल्या, आणि एकटेपणाची त्यांना सवय होती.

मग 1896-97 चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातल्या बातम्या वाचताना त्यांना स्वतःचे जंगलातले दिवस आठवले, आणि त्या उठून तिकडे गेल्या. उपाशी मुली आणि विधवा, काही तर नराधमांच्या हाती सापडलेल्या, त्या शेकड्यांनी घेऊन आल्या. पुण्यात प्लेग आणि त्यापायीची सरकारी बंधनं, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर नेलं. तिथेच 1898 मध्ये मुक्तिसदन उभं राहिलं. 1900 च्या गुजरातमधल्या दुष्काळानंतर तिथे दोन हजारांच्या आसपास माणसं राहत होती. विहिरी खणल्या गेल्या. शेती, माग, तेलघाणा, गाईगुरं, शाळा, छापखाना असं सगळं बायकांच्या हातांनी चालू लागलं. मनोरमेने परदेशात ब्रेल शिकून येऊन आंधळ्या मुलींना वाचायला शिकवलं. बिघडलेल्या म्हणून टाकलेल्या बायकांसाठी वेगळं कृपासदन होतं. लंडनच्या त्या घराचा धागा इथे येऊन मिळतो.

आई भुकेने का मेली, याचा खुलासा रमाबाई करत बसल्या नाहीत. ख्रिस्ती श्रद्धेच्या गाभ्याशी वधस्तंभ आहे: देव वेदनेबाहेर उभा राहून न्याय करत नाही, तो स्वतः वेदनेत उतरतो. ज्याला हे पटलं त्याला दुखऱ्या माणसाला एकटं सोडता येत नाही. डोक्यावर आईची तिरडी वाहिलेल्या बाईने हे कसं पटवून घेतलं असेल, ते केडगावच्या विहिरी आणि माग पाहिले की मला कळतं.

अखेरची वर्षं त्यांनी बायबलच्या भाषांतराला दिली. हिब्रू आणि ग्रीक शिकून मुळावरून, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत. ऐकू जवळजवळ येईनासं झालं होतं. 1921 च्या जुलैत मनोरमा गेली. ज्या एका जिवासाठी त्या बिपिनबाबूंच्या माघारी तगल्या, तोही हातातून गेला, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. तरी भाषांतराचं काम त्यांनी पुरं केलं. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. 1924 मध्ये ते बायबल बाहेर पडलं, मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांनी खिळे जुळवून छापलेलं. केडगावचं काम आजही चालू आहे, आणि निराधार बायका-मुलींना तिथे अजून घर मिळतं.