विश्लेषण : इंधन असूनही पंप कोरडे का पडतात?

१ जानेवारी २०२४, सोमवार. नववर्षाच्या शुभेच्छांचे संदेश अजून येतच होते, तेवढ्यात त्यांच्यामध्ये दुसराच एक संदेश घुसला : ‘उद्यापासून तीन दिवस पेट्रोल मिळणार नाही, आजच टाकी फुल्ल करा.’ संध्याकाळपर्यंत पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधल्या पंपांवर रांगा लागल्या. नागपूर, नाशिक, मुंबई, छत्रपती संभाजीनगर, सगळीकडे तेच चित्र. दुसऱ्या दिवशी अनेक पंपांवर दोऱ्या बांधल्या गेल्या आणि ‘पेट्रोल संपले’चे पुठ्ठे लटकले. त्याच रात्री संपही मिटला. मग हे इंधन नेमके गेले कुठे? मारुंजी, हिंजवडी, चाकण या दुचाकीवर जगणाऱ्या पट्ट्यात हा प्रश्न दर अफवेला पुन्हा उभा राहतो, म्हणून हिशेब समजून घेतलेला बरा.

संप कशासाठी होता?

भारतीय दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेला २५ डिसेंबर २०२३ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. तिच्या कलम १०६(२) मध्ये म्हटले होते की, बेदरकार आणि निष्काळजी वाहन चालवून कुणाचा मृत्यू घडवला आणि पोलीस किंवा दंडाधिकाऱ्यांना लगेच न कळवता पळ काढला, तर दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड. जुन्या ३०४-अ कलमात निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूसाठी कमाल शिक्षा दोन वर्षे होती.

चालकांचा आक्षेप समजण्यासारखा होता. अपघातानंतर थांबले तर जमाव मारतो आणि निघून गेले तर दहा वर्षे आत. ‘पुढच्या चौकीवर जाऊन कळवा’ हे कागदावर ठीक, पण मध्यरात्री अनोळखी गावात गर्दीच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसाला ते कितपत सुचेल? त्यात ‘सात लाख रुपये दंड’ ही गोष्टही फिरली. कलमात दंडाची कोणतीही रक्कम लिहिलेली नाही. म्हणजे चालकांनी एका अफवेवर काही प्रमाणात विश्वास ठेवला आणि त्यांच्या संपाने वाहनधारकांसाठी दुसरी अफवा जन्माला घातली.

खरोखर तुटवडा होता का?

देशाच्या पातळीवर नव्हता. रिफायनऱ्या चालू होत्या. विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर इथल्या भूमिगत साठ्यांची क्षमता ५३ लाख टनांहून अधिक कच्च्या तेलाची आहे. पण संकटकाळासाठी राखलेले ते कच्चे तेल तुमच्या स्कूटरच्या कामाचे नाही.

अडचण शेवटच्या टप्प्यात होती. पुणे जिल्ह्याला लागणारे पेट्रोल-डिझेल मुख्यतः लोणी काळभोरच्या डेपोंमधून येते, आणि तिथपर्यंत ते मुंबई-पुणे-सोलापूर पाईपलाईनसारख्या मार्गाने, माणसाच्या हाताशिवाय पोहोचू शकते. तिथून मारुंजीपर्यंतचे साधारण चाळीस किलोमीटर मात्र टँकरनेच कापावे लागतात, अख्खे शहर ओलांडून. उत्तर महाराष्ट्र आणि मराठवाड्याला इंधन देणाऱ्या मनमाडजवळच्या पानेवाडीत टँकरचालकांनीच गाड्या उभ्या केल्या, आणि आसपासच्या जिल्ह्यांना त्याची झळ लगेच बसली. प्रशासनाच्या मध्यस्थीनंतर तिथून टँकर पुन्हा निघाले.

एक पंप किती वेळात रिकामा होतो?

समजा, मारुंजी-कासारसाई रस्त्यावर एक मध्यम पंप आहे. रोज सहा हजार लीटर पेट्रोल खपते आणि सकाळी जमिनीखालच्या टाकीत दहा हजार लीटर शिल्लक आहे. एरवी दीड दिवसाहून जास्त काळाची निश्चिंती. दुसऱ्या दिवशी टँकर येतो, काम चालू राहते.

आता रांग लावून बघा. आठ नोझल, दर वाहनाला दीड मिनिट, म्हणजे तासाला ३२० वाहने. दुचाकी आणि मोटारी मिळून सरासरी सहा लीटर धरले तर तासाला १,९२० लीटर. दहा हजार लीटर पाच तासांच्या आसपास संपतात. त्यातही टाकीच्या तळाचा थोडा साठा पंपाला ओढता येत नाही, त्यामुळे फलक त्याआधीच लागतो. सकाळी दहाला गर्दी सुरू झाली, तर तीन वाजता पंप बंद. लक्षात घ्या, या उदाहरणात टँकर अजून एकदाही चुकलेला नाही.

हाच हिशेब शहराला लावू. एरवी शंभराचे पेट्रोल टाकणाऱ्या एक लाख दुचाकीस्वारांनी त्या दिवशी प्रत्येकी फक्त तीन लीटर जास्त घेतले, तर तीन लाख लीटर होतात. बारा हजार लीटरचे पंचवीस टँकर! ही मागणी नेहमीच्या खपावर चढलेली, आणि नेमकी टँकर कमी असतानाची. इंधन कुठे गेले, याचे उत्तर इथे आहे. ते पंपाखालच्या टाकीतून निघून हजारो गाड्यांच्या टाक्यांमध्ये जाऊन बसले आणि पार्किंगमध्ये उभे राहिले.

त्यात दिनदर्शिकेनेही हात दिला. आदला दिवस रविवार, त्यातून ३१ डिसेंबर. पंपचालकाला मागणी नोंदवून आधी पैसे भरावे लागतात, मग टँकर भरतो. एका दिवसात तिप्पट माल मागवणे भांडवलालाही झेपत नाही आणि टँकरच्या फेऱ्यांनाही.

मग रांगेत उभे राहणारे मूर्ख म्हणायचे का?

नाही, आणि यातच खरी गंमत आहे. अफवा खोटी आहे हे तुम्हाला पक्के ठाऊक असले, तरी शेजारी ती खरी मानून टाकी भरणार, हेही ठाऊक असते. सगळे शेजारी गेले की पंप रिकामा होणारच. म्हणजे तुमचेही जाणे शहाणपणाचे ठरते! अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४८ मध्ये हेच बँकेच्या उदाहरणातून मांडले होते : बँक भक्कम असते, पण ती बुडणार अशी बोलवा होते, ठेवीदार धावतात आणि ती बुडते. पंपाची गोष्ट अगदी तशीच आहे. म्हणूनच ‘घाबरू नका’ हे सरकारी आवाहन फारसे लागू पडत नाही. उलट ज्याने अफवा ऐकली नव्हती, त्यालाही त्यातून बातमी कळते.

ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये हे अनुभवले. इंधन होते, टँकरचालक कमी होते. काही पंप बंद राहिल्याची बातमी आली आणि आठवड्याभरात हजारो पंप कोरडे पडले. अखेर ऑक्टोबरमध्ये टँकर चालवायला लष्कराचे जवान आणावे लागले.

सीएनजीवाले तरी वाचतात का?

ते पंप कोणत्या प्रकारचा आहे त्यावर ठरते. काही केंद्रांना गॅस थेट पाईपलाईनने मिळतो; तिथे चालकांच्या संपाचा परिणाम कमी. पण शहराच्या कडेच्या अनेक केंद्रांवर सिलिंडरचे संच ट्रकवर लादून आणले जातात. ट्रक थांबला की गॅसही थांबतो. शिवाय रांग वाढली की साठ्यातला दाब उतरतो, भरायला वेळ लागतो आणि टाकी अर्धवटच भरते. हिंजवडीतल्या कॅबचालकांना हे नवीन नाही. संप नसतानाही ते रात्री-बेरात्री याच रांगेत असतात.

खरा मार बसतो तो यांनाच. आयटीतला कर्मचारी दोन दिवस घरून काम करील. खाद्यपदार्थ पोहोचवणारा मुलगा, रिक्षावाला, चाकणच्या कारखान्यात पहिल्या पाळीला पोहोचायचे असलेला कंत्राटी कामगार, यांची रांगेतले दोन तास म्हणजे बुडालेली कमाई असते. हे लोक टाकी फुल्ल करणारे नव्हेतच. रोज शंभर-दोनशेचे टाकून दिवस काढणारे. म्हणून पंप कोरडा पडतो तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांची गाडी थांबते.

यावर उपाय काय झाले?

सर्वात साधा उपाय चंडीगडने २ जानेवारीला केला. दुचाकीला जास्तीत जास्त दोन लीटर किंवा दोनशे रुपयांचे, चारचाकीला पाच लीटर किंवा पाचशे रुपयांचे. अशा मर्यादेने चिडचिड होते, पण वरच्या गणितात सरासरी सहाची दोन झाली की तोच पंप पाच तासांऐवजी पंधरा तास चालतो. श्रीलंकेत २०२२ मध्ये परकीय चलनच संपले होते, म्हणजे तुटवडा खरा होता. तिथे क्यूआर कोडवर आठवड्याचा कोटा ठरला. महाराष्ट्रात राज्य सरकारने पुरवठा खंडित होऊ नये यासाठी पोलिसांना लक्ष घालायला सांगितले. आमच्या मते अशा वेळी पहिल्या संध्याकाळीच मर्यादा लावणे हे दहा आवाहनांपेक्षा उपयोगी. दुसऱ्या दिवशी लावली तर उपयोग निम्मा.

आपल्याला किती पेट्रोल पुरते?

मारुंजीहून चाकण एमआयडीसीला जाऊन यायला साधारण ६० ते ६५ किलोमीटर होतात. ४५ चे मायलेज देणाऱ्या स्कूटरला त्यासाठी दीड लीटरपेक्षा कमी लागते. टाकीत चार लीटर असतील, तर जवळपास तीन दिवस निघतात. २०२४ चा संप दोन दिवसांत मिटला होता. हिंजवडीच्या आत ये-जा करणाऱ्याला तर आठवडा सहज जातो. उलट एसी लावून रांगेत इंजिन चालू ठेवलेली मोटार तासाला पाऊण-एक लीटर जाळते. टाकी अर्ध्यावर आली की भरायची सवय असेल, तर अशा संध्याकाळी घरी बसता येते.

कॅन आणि बाटल्यांचे मात्र नाव काढू नका. पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. ती हवेपेक्षा जड असते, त्यामुळे फरशीवरून सरपटत शेगडीपर्यंत किंवा देवघरातल्या दिव्यापर्यंत जाते. कायद्यानुसार परवान्याशिवाय, विक्रीसाठी नसलेले, तीस लीटरपर्यंतच पेट्रोल बाळगता येते, तेही योग्य भांड्यात. पाण्याची प्लास्टिक बाटली त्यात बसत नाही, आणि सदनिकेची बाल्कनी ही तर साठवणुकीची जागाच नव्हे.

त्या कलमाचे पुढे काय झाले?

२ जानेवारीच्या रात्री केंद्रीय गृहसचिव अजय भल्ला यांनी ऑल इंडिया मोटर ट्रान्सपोर्ट काँग्रेसच्या प्रतिनिधींशी चर्चा केली. संघटनेशी सल्लामसलत केल्यावरच १०६(२) लागू करण्याचा निर्णय होईल, असे आश्वासन दिले गेले आणि चालकांना कामावर परतण्याचे आवाहन झाले. फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेत तेवढे उपकलम बाजूला ठेवले गेले. १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता देशभर लागू झाली, ती या उपकलमाविनाच.