शिंपल्यातले विष आणि सरकीची ढेप

अमरावतीहून रात्रीच्या गाडीत बसले की सकाळी मुंबई येते. वऱ्हाडातल्या माणसाचा समुद्राशी संबंध एवढाच. मग समुद्रातल्या विषाची गोष्ट अकोल्यात कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आमच्या गोठ्यात आहे.

माझ्या लहानपणी घरी एक गाय होती. तिला सरकीची ढेप असायची. एका पावसाळ्यात ढेपेला ओल लागली, बुरशी धरली. आईने वरची बुरशी खरडली आणि तीच ढेप भिजवून गायीपुढे ठेवली. गाय ठणठणीत राहिली. दूधही नेहमीसारखेच पांढरे, गोड. शेजारच्या काकूंनी शंका काढली तेव्हा आई म्हणाली, “उकयलं का सारं मरते, बाप्पा!”

आम्हा भावंडांना काही झाले नाही. पण पुढे शाळेत जीवशास्त्र शिकवू लागलो तेव्हा कळले की आईचे वाक्य अर्धेच खरे होते. उकळल्याने जंतू मरतात. विष म्हणजे जंतू नव्हे, ते रसायन आहे, आणि काही रसायनांना चुलीची आच पुरत नाही. ढेपेवरच्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन गायीच्या यकृतात थोडे रूप बदलते आणि एका दिवसाच्या आत दुधात उतरते. ते लगेच आजारी पाडत नाही, वर्षानुवर्षे पोटात गेले तर यकृताला घातक ठरते. २०१८ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने घेतले. त्यातल्या ३६८ नमुन्यांत हे विष मर्यादेपेक्षा जास्त निघाले.

समुद्रात हेच घडते, फक्त तिथे बुरशीच्या जागी नुसत्या डोळ्यांना न दिसणारे एकपेशीय शैवाल असते. ऊन, पोषक द्रव्ये आणि शांत पाणी जुळून आले की ते एकाएकी फोफावते. असे बहुतेक बहर निरुपद्रवी असतात, किंबहुना समुद्रातल्या जिवांचे ते धान्यच. नोव्हेंबर २०२० मध्ये जुहूच्या लाटा रात्री निळ्या चमकल्या, ती नॉक्टिल्युका या जीवाची करामत. त्याचा उपद्रव वेगळा आहे, पण मी सांगतो आहे ते विष तो तयार करत नाही. विषारी बहर पुष्कळदा पाण्याचा रंगसुद्धा बदलत नाही, हीच तर पंचाईत आहे.

आता शिंपला पाहा. तो जागचा हलत नाही. तासाला लिटर-दोन लिटर पाणी गाळतो आणि त्यातले शैवाल खातो. पाण्यात विरळ असलेले विष त्याच्या अंगात साठत जाते. आमच्या गायीसारखाच तोही ठणठणीत दिसतो. त्याला वास येत नाही, चव बिघडत नाही. खाणाऱ्याचे मात्र अर्ध्या-एक तासात ओठ बधिर होतात, बोटांना मुंग्या येतात. या विषाचे नाव सॅक्सिटॉक्सिन. मज्जातंतूंतून संदेश पुढे जाण्यासाठी सोडियमची जी दारे उघडावी लागतात, ती ते बंद करते. मात्रा मोठी असेल तर श्वासाचे स्नायूच थांबतात. यावर उतारा नाही. मात्र वेळेवर कृत्रिम श्वास मिळाला तर विष शरीराबाहेर पडेपर्यंत माणूस तग धरतो.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर हे घडलेले आहे. १९८३ मध्ये मंगळूरजवळ शिंपले खाऊन एक मुलगा दगावला. १९९७ च्या सप्टेंबरात केरळात विळिंजम येथे सात जणांचा बळी गेला आणि शेकडो लोक इस्पितळात भरती झाले. ही माणसे काही चोचले पुरवायला शिंपले खात नव्हती. किनाऱ्यावरच्या गरिबाचे ते रोजचे कालवण.

विष शिंपल्यापाशीच थांबते असेही नाही. शैवाल सूक्ष्म प्राणी खातात, त्यांना लहान मासे, त्यांना मोठे. १९८७ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या केप कॉडजवळ चौदा देवमासे मरून पडले. बांगड्याच्या जातीतले मासे त्यांनी अख्खे गिळले होते आणि सॅक्सिटॉक्सिन त्या माशांच्या यकृतासारख्या अवयवांत होते. आपण माशाचे पोट काढून टाकतो, देवमासा ते कसे करणार? शिंपला मात्र आपणही आतड्यासकट खातो. म्हणून धोका मुख्यतः शिंपल्यात. बर्फातून वऱ्हाडात येणाऱ्या माशांवरून घाबरण्याचे कारण नाही.

हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहाच्या साहाय्याने शैवालबहरांची माहिती देते. पण उपग्रहाला रंग दिसतो, विष नाही. ते पाहायचे तर शिंपल्याचे मांसच प्रयोगशाळेत नेले पाहिजे, स्वयंपाकघरात ते कळत नाही. बुरशीची ढेप बंद केली की गायीचे दूध तीन-चार दिवसांत निवळते. शिंपल्यांना आठवडे लागतात आणि काही जातींत विष दोन-दोन वर्षे राहते.

धाकट्या भावाच्या गोठ्यात आता ढेपेची पोती फळ्यांवर असतात, भिंतीपासून हातभर दूर. बुरशीचा तुकडा तो खरडत बसत नाही, खड्ड्यात पुरतो. उकिरड्यावर टाकला तर कोंबड्या टोचतात. आईला हे अजून पटलेले नाही.