कामाच्या ठिकाणचे अपघात आणि त्यांची चौकशी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कारखान्यातील अपघाताच्या अहवालात 'कारण' या रकान्यापुढे 'कामगाराचा निष्काळजीपणा' असे लिहिले गेले, की बहुतेक ठिकाणी चौकशी संपली असे मानले जाते. वास्तविक अपघाताची चौकशी म्हणजे घटनांचा क्रम पुराव्यांच्या आधारे मांडणे, त्या क्रमातील प्रत्येक टप्पा कोणत्या परिस्थितीमुळे शक्य झाला हे शोधणे आणि ती परिस्थिती बदलून तोच अपघात पुन्हा घडणार नाही अशी तजवीज करणे. यांतील शेवटचा भाग राहून गेला तर आधीचे सारे श्रम फायलीत पडून राहतात, आणि तो राहून जाण्याचे प्रमुख कारण म्हणजे चौकशीविषयी रूढ असलेले काही गैरसमज होत.

बहुसंख्य अपघात कामगारांच्या चुकीमुळे घडतात, हा त्यांतील सर्वांत जुना आणि सर्वांत हानिकारक समज आहे. त्याला आकड्याचे बळ मिळाले ते अमेरिकेतील एका विमा कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट विल्यम हाइनरिश यांच्या १९३१ च्या पुस्तकामुळे. सुमारे ७५,००० प्रकरणांच्या आधारे त्यांनी ८८ टक्के अपघात माणसांच्या असुरक्षित कृतींमुळे, १० टक्के असुरक्षित परिस्थितीमुळे आणि २ टक्के अटळ कारणांमुळे घडतात असे मांडले, आणि सुरक्षेच्या प्रशिक्षणवर्गांत हे आकडे आजही सांगितले जातात. परंतु ही प्रकरणे विम्याच्या दाव्यांच्या कागदपत्रांतून आणि कारखानदारांकडील नोंदींतून घेतलेली होती, मूळ नोंदी आज तपासण्यासाठी उपलब्ध नाहीत, आणि शिवाय प्रत्येक अपघाताला एकच कारण देण्याची ही पद्धतच सदोष आहे. कारण असुरक्षित कृती आणि असुरक्षित परिस्थिती या दोन गोष्टी प्रत्यक्ष कामात बहुधा एकत्रच असतात.

याचे उदाहरण पॉवर प्रेसवर स्पष्ट दिसते. पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या लहान कारखान्यांत हे नेहमीचे यंत्र असून बोटे तुटण्याच्या अपघातांशी त्याचे नाव कायमचे जोडले गेले आहे. जुन्या पद्धतीच्या पिन-क्लच प्रेसमध्ये जड चाक सतत फिरत असते. कामगाराने पायाने पॅडल दाबले की क्लचची पिन गुंतून वरचा दट्ट्या खाली येतो, पत्रा कापतो किंवा वाकवतो आणि वर जातो, आणि त्याच वेळी एक खटका ती पिन सोडवून घेतो. खटक्याची स्प्रिंग सैल पडली किंवा त्याची कड झिजली, तर पिन सुटत नाही आणि पॅडलवर पाय नसतानाही दट्ट्या दुसऱ्यांदा खाली येतो. याला 'डबल स्ट्रोक' म्हणतात. नेमक्या त्या क्षणी कामगाराचा हात तयार झालेला जॉब काढण्यासाठी डायमध्ये असतो. अहवालात मात्र 'कामगाराने चालू यंत्रात हात घातला' असे वाक्य येते. हे वाक्य खोटे नाही, पण त्यातून उद्याचा अपघात टाळण्यासाठी हाती काहीच लागत नाही.

उपयोगी चौकशी याच वाक्यापासून पुढे जाते. जॉब हातानेच काढावा लागेल अशी डायची रचना कोणी केली, चिमटा दिला होता का आणि तो त्या आकाराच्या जॉबला चालत होता का, गार्ड काढून ठेवला असेल तर तो लावून ठरलेले टार्गेट पूर्ण होत होते का, खटक्याची स्प्रिंग बदलण्याचे वेळापत्रक होते का, तो कामगार त्या यंत्रावर कधीपासून होता, सलग कितव्या तासाला होता आणि त्याला काम कोणी दाखवले, हे प्रश्न विचारले की उत्तरे यंत्राच्या खरेदीपर्यंत, मेंटेनन्सच्या मनुष्यबळापर्यंत आणि उत्पादनाच्या नियोजनापर्यंत पोहोचतात. 'असे का झाले' हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारण्याची टोयोटा कंपनीतून जगभर पसरलेली रीत येथे उपयोगी पडते. तिची मर्यादा एवढीच, की एकाच धाग्याचा पाठपुरावा करताना शेजारची कारणे नजरेआड होतात, म्हणून प्रत्येक 'का'ला एकाहून अधिक उत्तरे असू शकतात हे धरूनच चालावे लागते.

इजा झाली नाही म्हणजे चौकशीचे कारण नाही, हा दुसरा गैरसमज. ज्या घटनेत हानी झाली नाही, पण परिस्थिती किंचित वेगळी असती तर ती झाली असती, अशा घटनेला थोडक्यात टळलेला अपघात किंवा 'निअर मिस' म्हणतात. वरील प्रेसचा डबल स्ट्रोक हात बाहेर असताना झाला तर तो निअर मिस, हात आत असताना झाला तर अपघात. यंत्रातील दोष दोन्ही वेळा तोच. पहिल्या खेपेस कामगार दचकतो, शेजारचा 'वाचलास' म्हणतो आणि काम पुढे चालू राहते, म्हणजे कोणाचेही बोट न जाता मिळालेली माहिती तेथेच वाया जाते.

विमानवाहतुकीला या चुकीची जबर किंमत मोजावी लागली. १ डिसेंबर १९७४ रोजी ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचे ५१४ क्रमांकाचे उड्डाण वॉशिंग्टनजवळच्या विमानतळाकडे उतरताना व्हर्जिनियातील डोंगरावर आदळले आणि त्यातील सर्व ९२ जण मृत्युमुखी पडले. नियंत्रकाच्या परवानगीचा अर्थ वैमानिकांनी 'आता खाली उतरण्यास हरकत नाही' असा घेतला होता. सुमारे सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीचे विमान त्याच ठिकाणी अशाच गैरसमजातून थोडक्यात बचावले होते. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले, मात्र ती सूचना इतर कंपन्यांपर्यंत गेली नाही. यानंतर १९७६ मध्ये अमेरिकेत वैमानिकांसाठी गोपनीय नोंदणीची योजना सुरू झाली. ती चालवण्याचे काम नियमनाचे अधिकार असलेल्या संस्थेकडे न देता नासाकडे दिले गेले, कारण शिक्षा करणाऱ्याच्या हाती स्वतःची चूक कोणी लिहून देत नाही. इजा न झालेल्या घटनांची दखल भारतीय कायद्यानेही घेतली आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ८८ मध्ये मृत्यूची, तसेच ४८ तास किंवा त्याहून अधिक काळ काम करता येणार नाही अशा इजेची सूचना देणे बंधनकारक होते, तर कलम ८८-अ मध्ये धोकादायक घटनांची सूचना, त्यात कोणाला इजा झालेली असो वा नसो, द्यावी लागत असे. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीविषयक संहितेतही ही दोन्ही कर्तव्ये कायम आहेत.

प्रवेशद्वारावरील फलकावर 'अपघाताविना दिवस' वाढत गेले म्हणजे कारखाना सुरक्षित, हा समज याच्याच जवळचा आहे. २३ मार्च २००५ रोजी अमेरिकेतील टेक्सास सिटी येथील बीपी कंपनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट होऊन १५ जण ठार आणि १८० जण जखमी झाले. त्या कारखान्यात वैयक्तिक इजांचे प्रमाण कमी होते आणि व्यवस्थापन त्यावरच समाधान मानत होते. पण ज्या जुन्या निकास-मनोऱ्यातून ज्वालाग्राही द्रव बाहेर उसळला, त्यातून पूर्वीही आठ वेळा गंभीर गळती झाली होती, आणि संयंत्र सुरू करताना स्तंभातील द्रवाची पातळी मर्यादेबाहेर जाणे ही नेहमीचीच बाब बनली होती. यांपैकी कशाचीही परिणामकारक चौकशी झालेली नव्हती. पाय घसरणे, बोट कापणे अशा इजांचे आकडे स्फोटाच्या धोक्याविषयी काही सांगत नाहीत. त्यातच असे फलक बक्षिसांशी जोडले गेले, तर घटना कमी न होता त्यांची नोंद कमी होते.

भोपाळच्या बाबतीत हे अधिकच वेदनादायक आहे. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन वायूमुळे एका कामगाराचा मृत्यू झाला, १९८२ च्या आरंभी पुन्हा गळती होऊन अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले आणि त्याच वर्षी अमेरिकेतून आलेल्या पथकाने अनेक त्रुटी नोंदवल्या. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री मिथिल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरून वायू बाहेर पडला, तेव्हा टाकीची शीतकरण यंत्रणा बंद होती आणि वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी जोडणी काढल्यामुळे निकामी होता. कंपनीने पुढे एका कामगाराच्या घातपाताचा दावा केला. पाणी कोणत्याही मार्गाने शिरलेले असो, ते शिरल्यानंतर लोकांचे रक्षण करू शकणाऱ्या यंत्रणा का बंद होत्या या प्रश्नाचे उत्तर त्या दाव्यात नाही, आणि एका माणसावर बोट ठेवणारी चौकशी किती मोठे प्रश्न झाकू शकते हे यावरून कळते.

पोलिसांचा पंचनामा आणि निरीक्षकांची भेट झाली, की कारखान्याने वेगळी चौकशी करण्याची गरज नाही असेही मानले जाते. पोलीस गुन्हा घडला का ते पाहतात, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे अधिकारी कायद्याचे पालन तपासतात, तर अंतर्गत चौकशीने कामाची पद्धत तपासायची असते. या तीन हेतूंची गल्लत झाली की कामगार बोलेनासे होतात. त्यांच्या मौनामागे नुकसानभरपाई बुडण्याची भीतीही असते. ती बहुतांशी निराधार आहे, कारण १९२३ च्या कायद्यापासून भारतात चालत आलेल्या तत्त्वानुसार कामामुळे व काम करत असताना झालेल्या अपघाताची भरपाई साध्या निष्काळजीपणामुळे नाकारता येत नाही. नशेत असणे किंवा सुरक्षासाधन हेतुपुरस्सर काढून टाकणे अशा मोजक्या गोष्टींचाच अपवाद आहे, आणि मृत्यू वा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास तोही लागू होत नाही.

उपायांबाबतचा गैरसमज सर्वांत चिवट आहे. अहवालाच्या शेवटी 'कामगारांना समज दिली' आणि 'प्रशिक्षण घेतले' असे लिहिणे स्वस्त असते, परंतु उपायांची मान्य उतरंड याच्या उलट आहे: आधी धोकाच काढून टाकणे, ते शक्य नसेल तर कमी धोक्याचा पर्याय आणणे, मग यंत्रात अडथळा बसवणे, त्यानंतर सूचना व प्रशिक्षण, आणि सर्वांत शेवटी हातमोजे-हेल्मेट. तांत्रिक उपायही डोळे झाकून चालत नाही. पिन-क्लच प्रेस एकदा खाली येऊ लागला की मध्येच थांबवता येत नाही, त्यामुळे हात आत जाताच यंत्र थांबवणारा सेन्सर त्यावर बसवणे म्हणजे कामगाराला खोटा दिलासा देणे होय. तेथे बोटच आत जाणार नाही अशी बंदिस्त डाय, पत्रा आपोआप पुढे सरकवण्याची सोय किंवा मध्येच थांबू शकणाऱ्या क्लचचा प्रेस हेच खरे उपाय ठरतात. हा फरक त्या यंत्रावर रोज काम करणाऱ्याला आणि त्याची दुरुस्ती करणाऱ्या फिटरला अनेकदा आधी कळतो, म्हणून चौकशी समितीत त्यांना साक्षीदार म्हणून बोलावणे पुरेसे नाही, सदस्य म्हणून बसवायला हवे. भोपाळनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांत कामगार आणि व्यवस्थापन यांचे समान प्रतिनिधित्व असलेली सुरक्षा समिती सक्तीची केली होती. कंत्राटी कामगारांचा आवाज मात्र अशा समित्यांपर्यंत क्वचितच पोहोचतो.

यासाठी फार मोठ्या यंत्रणेची गरज नसते. अपघाताची जागा धुण्यापूर्वी आणि यंत्र पुन्हा सुरू करण्यापूर्वी छायाचित्रे व मापे घ्यावीत, पाहणाऱ्यांशी त्याच पाळीत एकेकट्याने बोलावे, उपायापुढे जबाबदार व्यक्तीचे नाव व तारीख लिहावी आणि तो प्रत्यक्ष झाला का हे काही महिन्यांनी यंत्रापाशी जाऊन पाहावे. डबल स्ट्रोकची तक्रार आल्यास दुरुस्तीपर्यंत प्रेस बंद ठेवण्याचा लेखी अधिकार प्रत्येक पाळीच्या सुपरवायझरला कारखानदारांनी आजच द्यावा, आणि त्यामुळे बुडालेल्या उत्पादनाचा जाब त्याला विचारू नये.