दमणं वेगळं, विझणं वेगळं

दमलेली शिक्षिका रविवारी विश्रांती घेते आणि सोमवारी ताजीतवानी वर्गात शिरते. पण सुट्टीनंतरही थकवा जात नसेल, मुलांचे प्रश्न नकोसे वाटत असतील, आपल्या शिकवण्यानं काहीच फरक पडत नाही असं वाटत असेल, तर सावध व्हा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या करताना याच तीन खुणा सांगितल्या. तिच्या मते हा आजार नाही, कामाच्या न आवरलेल्या ताणाचा परिणाम आहे. म्हणून स्वतःला कमकुवत समजू नका. निवडणूक, जनगणनेची कामं टाळता येत नाहीत. पण पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपला वेळ नक्कीच ठरवून देता येते. शक्यतो वह्या शाळेतच तपासा आणि मुख्याध्यापकांशी कामाच्या वाटणीबद्दल मोकळेपणानं बोला. तीस वर्षं शिकवायचं, तर रोजची संध्याकाळ थोडी स्वतःसाठी राखायलाच हवी.