जुने झेरॉक्स मशीन विकताना आतली डिस्क पाहिलीत काय?

दुकान वाढले, नवे मशीन आले की जुन्या झेरॉक्स मशीनचा सौदा आपण कसा करतो? किती प्रती निघाल्या त्याचा मीटर पाहायचा, ड्रमची अवस्था पाहायची, भाव ठरवायचा आणि मशीन टेम्पोत चढवायचे. या सौद्यात एका वस्तूचा विचार बहुधा कोणी करीत नाही, ती म्हणजे मशीनच्या पोटातली हार्ड डिस्क. आपल्या गिऱ्हाइकांचे कागद तिच्यावर असू शकतात आणि मशीनबरोबर तेही परक्याच्या हाती जातात.

ज्या बांधवांनी १९८०-९० च्या काळातली मशीन चालवली त्यांना हे चटकन पटणार नाही. त्या मशीनमध्ये आरसे आणि भिंगे असत. प्रकाश मूळ कागदावरून थेट ड्रमवर जाई, पावडर चिकटे आणि कागद गरम होऊन बाहेर पडे. दहा प्रती हव्या असल्या तर दिवा दहा वेळा फिरे, पण आत काही उरत नसे. डिजिटल मशीनचा कारभार निराळा आहे. ते कागद एकदाच वाचते, त्याचे चित्र साठवते आणि त्यावरून हव्या तितक्या प्रती काढते. ऑफिसच्या मोठ्या मशीनमध्ये हे चित्र पुष्कळदा डिस्कवर जाते. काम संपले की मशीन ते रद्द करते, म्हणजे फक्त ती जागा मोकळी झाल्याची नोंद करते. खातेवहीच्या अनुक्रमणिकेतून नाव खोडले आणि पान मात्र तसेच ठेवले, असा हा प्रकार आहे. त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जाणकाराला ते पान वाचता येते.

२०१० साली अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीने याची परीक्षाच घेतली. न्यू जर्सीतल्या एका गोदामातून तिने चार वापरलेली मशीन प्रत्येकी सुमारे तीनशे डॉलरला विकत घेतली. डिस्क बाहेर काढायला अर्धा तास लागला. मग इंटरनेटवर फुकट मिळणारे सॉफ्टवेअर लावले, तेव्हा बारा तासांच्या आत हजारो कागद हाती आले. दोन मशीन बफेलो शहराच्या पोलिसांची निघाली. त्यांत गुन्हे तपासाचे कागद होतेच, शिवाय एका मशीनच्या काचेवर मूळ कागद तसेच पडलेले होते! तिसरे मशीन एका बांधकाम कंपनीचे होते. त्यात इमारतीचे नकाशे, कामगारांच्या पगाराच्या पावत्या आणि धनादेशांच्या प्रती सापडल्या. चौथे ॲफिनिटी नावाच्या आरोग्य विमा संस्थेचे होते आणि त्यात रुग्णांची सुमारे तीनशे पाने होती. त्याच गोदामातून जुन्या मशीनचे कंटेनर अर्जेंटिना आणि सिंगापूरकडे रवाना होत होते.

ॲफिनिटीला हे प्रकरण महागात पडले. भाड्याने घेतलेली मशीन डिस्क न पुसता परत केली, ही तिची चूक होती. तीन लाख चव्वेचाळीस हजारांवर लोकांची माहिती उघडी पडली असावी, असा अंदाज तिने स्वतःच दिला. २०१३ च्या ऑगस्टमध्ये सरकारशी तडजोड करून तिला १२ लाख १५ हजार ७८० डॉलर भरावे लागले.

ही अमेरिकेची गोष्ट म्हणून सोडून देता येणार नाही. आपल्याकडच्या झेरॉक्सच्या दुकानात काचेखाली दिवसभर काय काय येते ते आठवा. आधार, पॅन, पासपोर्ट, सातबारा, निकाहनामा, बँकेचे पासबुक, सह्या केलेले कोरे अर्ज! आखाती देशांत माणसे पाठवणाऱ्या किंवा हज-उमऱ्याच्या सहली नेणाऱ्या ऑफिसांत तर पासपोर्टांच्या थप्प्याच असतात. गिऱ्हाईक विश्वासाने कागद देते, ती अमानत आहे. शिवाय आपल्या देशात २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. माहितीची पुरेशी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. एवढा दंड लहान दुकानदाराला होईल असे आम्ही म्हणत नाही. पण कायद्याचा रोख कोणीकडे आहे ते यावरून दिसते.

कारागिरांचा प्रश्न तर थेट पोटाचा आहे. जरीकामाचा खाका, साडीच्या काठाचे नवे डिझाइन, फर्निचरचे मापासह रेखाचित्र, दागिन्याचा नमुना यांच्या प्रती मशीनवरच निघतात. ते मशीन त्याच बाजारातल्या दुसऱ्या कारखानदाराकडे गेले तर काय होईल, हे सांगायची गरज नाही.

विकत घेणाऱ्यानेही सावध राहावे. जुन्या मशीनमध्ये पहिल्या मालकाच्या ई-मेल पत्त्यांची यादी आणि स्कॅन कुठे पाठवायचे त्याच्या सूचना तशाच राहिलेल्या असतात. त्या बदलल्या नाहीत तर चुकीचे बटण दाबताच आपला कागद भलत्याच ऑफिसात पोहोचू शकतो.

जुन्या प्रिंटरची आणखी एक खोड म्हणजे रोजची कुरकुर. तो बंद पडला तरी कोणाला नवल वाटत नाही. ५ फेब्रुवारी २०१६ रोजी, शुक्रवारी, ढाक्यातल्या बांगलादेश बँकेत प्रिंटर चालेना. परदेशी व्यवहारांची नोंद तो आपोआप छापत असे. नेहमीचाच बिघाड असेल असे कर्मचाऱ्यांना वाटले. प्रत्यक्षात चोर बँकेच्या संगणकांत शिरले होते आणि नोंदी छापल्या जाऊ नयेत अशी तजवीज त्यांनी करून ठेवली होती. न्यूयॉर्कच्या खात्यातून सुमारे ९५ कोटी डॉलर उचलण्याचा त्यांचा बेत होता. बराचसा फसला, तरी ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्सला गेलेच. प्रिंटर सुरू होऊन न्यूयॉर्कचे संदेश बाहेर पडेपर्यंत चोरांना हवा तेवढा वेळ मिळाला होता.

जुन्या प्रिंटरपायी पुष्कळ दुकानांत जुना संगणकही जपला जातो, कारण नव्या विंडोजवर तो प्रिंटर चालत नाही. विंडोज ७ ची नियमित दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने २०२० च्या जानेवारीत थांबवली. २०२१ साली विंडोजच्या छपाई करणाऱ्या भागातच मोठे भगदाड सापडले, तेव्हा ७ साठीही तातडीची दुरुस्ती काढावी लागली. दर वेळी अशी मेहेरबानी होईल या भरवशावर राहू नये. प्रिंटर वाचवायला जीएसटीचे हिशेब असलेला संगणक उघडा ठेवणे हा आमच्या मते आतबट्ट्याचा व्यवहार आहे. तो संगणक ठेवायचाच असेल तर इंटरनेटपासून तोडून फक्त छपाईला ठेवावा. प्रिंटरला कारखान्याने दिलेला पासवर्डही पहिल्याच दिवशी बदलावा. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये एका हॅकरने जगभरातल्या सुमारे पन्नास हजार प्रिंटरांवर आपला संदेश छापून दाखवला, कारण ते सगळे इंटरनेटवर उघडे होते.

मशीन विकायचे ठरले की इंजिनियरला आधी बोलवा. बऱ्याच मोठ्या मशीनच्या मेन्यूत डिस्कवर पुन्हा पुन्हा लिहून जुना मजकूर नष्ट करण्याची सोय असते. ती स्वतःसमोर चालवून घ्या. त्याला बराच वेळ लागतो, तेव्हा टेम्पो दाराशी उभा करून हे काम काढू नका. मशीन भाड्याचे असेल तर डिस्क पुसून देण्याची अट करारातच लिहून घ्या. घरगुती लहान प्रिंटरमध्ये बहुधा डिस्क नसते, पण वाय-फायचा पासवर्ड राहतो. तो काढण्यासाठी मूळ स्थितीत आणण्याचा पर्याय वापरावा.

मशीन पार बिघडून भंगारात जात असेल तर डिस्क आधी काढून घ्या आणि ड्रिलने आरपार दोन-तीन भोके पाडून मगच द्या. भंगारवाला वजनावर पैसे देतो, भोकांमुळे त्याचा भाव काही कमी होत नाही.