हात सुटला, तरी तळ हवेतच!

खेळण्यांच्या दुकानात मिळते ना, ती वेटोळ्यांची रंगीत स्प्रिंग घ्या. वरचं टोक हातात धरा, बाकीची खाली लोंबू द्या. झुलायची थांबली की वर्गाला विचारा: हात सोडला तर आधी काय हलेल? वरचं टोक, खालचं, की सगळी स्प्रिंग एकदम?

वाद होतील, पैजा लागतील. मग सोडा. स्प्रिंग जमिनीवर, आणि कोणालाच काही दिसलेलं नाही! सगळा खेळ सेकंदाच्या साधारण तिसऱ्या हिश्शात उरकतो. तेवढ्यात डोळ्यांना काय कळणार?

म्हणून मोबाईल काढा. बऱ्याच फोनमधलं स्लो मोशन सेकंदाला 240 चित्रं टिपतं; म्हणजे तेवढ्या पडण्याची 80 चित्रं. एकेक सरकवत पाहा. वरची वेटोळी खाली येतायत, एकमेकांवर आदळून त्यांचा गठ्ठा होतोय. आणि खालचं टोक? हवेतच! हात सुटलाय, गुरुत्वाकर्षणही काही रजेवर गेलेलं नाही, तरी ते जागचं हलत नाही. वरचा गठ्ठा येऊन आदळतो, तेव्हा कुठे पडायला लागतं.

असं कसं? तळाच्या वेटोळ्याला तुमचा हात धरतच नव्हता. त्याला उचलून धरत होता वरच्या वेटोळ्याचा ताण. हात सुटल्याची बातमी वेटोळ्यामागून वेटोळं करत, लाटेसारखी खाली उतरते. ती पोचेपर्यंत तळाच्या दृष्टीने काही घडलेलंच नसतं! अख्ख्या स्प्रिंगचा गुरुत्वमध्य मात्र पहिल्या क्षणापासून नियमाप्रमाणे पडत असतो. तळाची कसर वरचं टोक जास्त वेगाने येऊन भरून काढतं.

मग असे व्हिडिओ दाखवले की झालं? इथे खरी गंमत आहे. ‘व्हेरिटासियम’ या विज्ञानाच्या यूट्यूब चॅनलचे डेरेक मुलर यांनी सिडनी विद्यापीठात 2008 साली याच विषयावर पीएच.डी. केली. भौतिकशास्त्राचे स्वच्छ, सोपे व्हिडिओ पाहिलेली मुलं म्हणाली, छान समजलं. चाचणीत गुण जेमतेम हलले. ज्या व्हिडिओत आधी मुलांच्याच चुकीच्या समजुती बोलून दाखवल्या होत्या, तो त्यांना गोंधळाचा वाटला, पण शिकली ती त्यातूनच! सोपं वाटलं की आपण नीट बघतच नाही; आधीचंच खरं धरून मोकळे होतो.

तेव्हा गुरुजी, बाई, प्लेचं बटण दाबण्याआधी प्रत्येकाला आपापलं उत्तर वहीत लिहायला लावा. आणि तुमचंही लिहा.