कान टोचण्याआधी
सोनाराकडे जायचं की मॉलमधल्या बंदुकीवाल्याकडे, यावर घरात वाद होतो. सुई निर्जंतुक आहे का, हे क्वचितच कुणी विचारतं. सोनाराची तार सोन्याची आहे म्हणून ती जंतुविरहित ठरत नाही. सुई एकदाच वापरायची, सीलबंद हवी आणि पाकीट आपल्यासमोर फोडलेलं हवं. बंदुकीचा प्लास्टिकचा सांगाडा सहसा ऑटोक्लेव्हच्या १२१ अंशांत टिकत नाही, शिवाय तिच्यातल्या कानातल्याचं बोथट टोक जोराने घुसतं. वरच्या कूर्चेला तर ती नकोच. तिथे रक्तपुरवठा तुटपुंजा; जंतुसंसर्ग झाला, तर कानाचा आकारच बिघडू शकतो. कानाच्या पाळीची जखम भरायला ६ ते ८ आठवडे, कूर्चेला ६ महिने ते वर्ष लागतं, हे होकार घेण्याआधीच सांगायला हवं. मधुमेह, रक्त पातळ करणारी गोळी, निकेलची ॲलर्जी, व्रणावर गाठ येण्याची प्रवृत्ती, हेही विचारायला हवं. नुसती सही घेणाऱ्याकडून सरळ उठून यावं.